रेन चेक आणि छत्री

गेल्या जूनमधली गोष्ट. लातूरकडची एक मुलगी रविवारी दुपारी माझ्याकडे आली ती हिरमुसलेलीच. म्हैसूरला नोकरीला येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. ऑफिसातल्या एका सहकारिणीला तिने संध्याकाळी कॉफीला चल म्हटलं होतं. ती सहकारीण लहानपणापासून परदेशात वाढलेली. ती हसून म्हणाली, 'आय विल टेक अ रेन चेक.' बाहेर पाऊस भुरभुरत होता. आमच्या मुलीला वाटलं, पावसामुळे अडलंय. तिने पर्समधली छत्री काढून पुढे केली. समोरची क्षणभर गोंधळली, छत्री नको म्हणाली आणि निघून गेली.

'काकू, माझं काय चुकलं?'

काहीच चुकलं नव्हतं. कुणी थांबतंय म्हटल्यावर छत्री पुढे करणं ही लातूरची माणुसकी झाली. फक्त तिथे पावसाचा काही संबंध नव्हता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला, की प्रेक्षकांना तिकिटाचा तुकडा जपून ठेवता यायचा आणि तो दाखवून पुढच्या सामन्याला आत जाता यायचं. त्या तुकड्याचं नाव रेन चेक. पुढे कुणाचं आमंत्रण तूर्त नाकारायचं, पण दार उघडं ठेवायचं, तर 'रेन चेक घेतो' म्हणायची रीत पडली. आपण म्हणतो ना, 'आज राहू दे, पुन्हा कधीतरी नक्की', तेच. म्हणजे त्या सहकारिणीने नाही म्हटलं नव्हतं, 'मला परत विचार' असं म्हटलं होतं. हे समजल्यावर मुलीचा चेहरा उजळला. पुढच्या आठवड्यात तिने परत विचारलं आणि दोघी कॉफी पिऊन आल्या.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन 1991 साली म्हैसूरला आले आणि इथल्या शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता सरस्वतीपुरमच्या घराच्या व्हरांड्यात दर रविवारी चार वाजता सात-आठ मुलं येऊन बसतात. हेब्बाळच्या बाजूला इन्फोसिसचं प्रचंड मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, शिवाय लहानमोठ्या कंपन्या आहेत, कॉलेजं आहेत. त्यामुळे परभणी, सांगली, लातूर, नांदेड, धुळे अशा सगळीकडची मराठी मुलं या गावात येतात. बहुतेक मराठी माध्यमातली. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे ही मुलं माझ्या पिढीसारखी पाचवीत एबीसीडी गिरवणारी नाहीत. त्यांना व्याकरण येतं, ईमेल लिहिता येतो. अडतं ते जेवणाच्या टेबलावर, लिफ्टमध्ये, मीटिंग संपताना, म्हणजे माणसं पुस्तकातलं इंग्रजी सोडून आपलं इंग्रजी बोलायला लागतात तेव्हा.

म्हणून ही मुलं काय करतात? स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून वाक्प्रचारांचं पुस्तक विकत घेतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, पाचशे नाहीतर हजार. आणि पाठ करायला लागतात.

असंच एक पुस्तक परभणीच्या मुलाने मला आणून दाखवलं. त्यात 'किक द बकेट' समोर 'मरण पावणे' एवढंच छापलं होतं. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण उद्या साहेबांचे वडील गेले आणि या मुलाने मोठ्या भक्तिभावाने तो वाक्प्रचार सांत्वनाच्या पत्रात घातला, तर त्याला दोष कोण देणार? पुस्तकात अर्थ बरोबरच आहे! मी त्याला विचारलं, 'अरे, तुझ्या गावात माणूस मेला तर काय काय म्हणतात?' तो विचार करून सांगायला लागला: देवाज्ञा झाली, निधन झालं, वारले, गेले, आटोपलं, खपला, गचकला. अर्थ सगळ्यांचा एकच. पण आजोबांबद्दल 'गचकले' म्हणणारा नातू दारात उभा राहू शकेल का? 'किक द बकेट' हे गचकण्याच्या ओळीतलं आहे. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने 1785 साली लंडनमध्ये रस्त्यावरच्या, हलक्या बोलीचा कोश छापला, त्यात ते आहे. सांत्वनाला 'पास्ड अवे' म्हणायचं, ते आपल्या 'वारले'च्या जागी बसतं. शब्दाचा अर्थ कळणं आणि तो कुठल्या घरात चालतो हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक पहिली सांगतं, दुसरी सांगत नाही.

मराठी मुलाला वाक्प्रचार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, एवढी त्याची भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश कुणी चाळला असेल तर त्याला कळेल, केवळ नाक, कान, डोळे, हात यांवर आपण किती संसार उभा केलाय. मी मुलांना तिथूनच नेते. 'नाकी नऊ आले' म्हणतो, 'नाकी दहा आले' म्हणून बघा. नऊच का, हे शंभरातल्या नव्याण्णवांना सांगता येणार नाही, पण दहा म्हटलं की लहान पोरही हसेल. 'कानाला खडा लावला' म्हणायचं, नाकाला लावून चालत नाही. म्हणजे वाक्प्रचार हा साचा आहे, त्यातला शब्द काढून दुसरा घालता येत नाही. बदलतो तो फक्त काळ आणि माणूस: नाकी नऊ येतात, आले, येतील.

इंग्रजीतही तेच. गुपित फोडणं म्हणजे 'स्पिल द बीन्स'. तिथे घेवड्याच्या जागी वाटाणे सांडता येत नाहीत. 'स्पिल्ड' करा, 'विल स्पिल' करा, पण 'द बीन्स' तसंच राहणार. आणि आपल्या मुलांची खरी चूक होते ती इथेच, त्या इवल्याशा 'अ' आणि 'द' मध्ये. मराठीत ही चीजच नाही, त्यामुळे ते शब्द आपल्या कानाला फोलपटासारखे वाटतात. सोपं काम म्हणजे 'अ पीस ऑफ केक', आपला 'डाव्या हातचा मळ'. आमचा धुळ्याचा मुलगा 'द पीस ऑफ केक' म्हणाला आणि ऐकणाऱ्याला वाटलं, फ्रीजमध्ये ठेवलेल्या त्या केकच्या तुकड्याविषयी चाललंय. म्हणून मी वहीत वाक्प्रचार कधीच सुटा लिहू देत नाही. पूर्ण वाक्य लिहायचं, 'द टेस्ट वॉज अ पीस ऑफ केक', आणि तेही कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं.

म्हैसूर हे कॉफीचं गाव. इथे सकाळी फिल्टरमधून थेंब थेंब पडणाऱ्या कॉफीच्या वासानेच गल्ली जागी होते. मुलं मला विचारतात, इथे तरी 'नॉट माय कप ऑफ कॉफी' म्हटलं तर? नाही. गाव कॉफीचं असलं तरी वाक्प्रचार चहाचाच. आणि आणखी एक खोच आहे: तो बहुधा नकारातच वापरला जातो. 'क्रिकेट इज नॉट माय कप ऑफ टी' म्हणजे क्रिकेट आपल्याला रुचत नाही बुवा. त्यात 'वाईट आहे' असा सूर नसतो, 'माझा प्रांत नव्हे' असा असतो. नावडतीला नावं न ठेवता बाजूला होण्याची सोय. ऑफिसातल्या पार्टीला जायचं नसलं, एखादा सिनेमा आवडला नसला, तर मला तो फार कामाचा वाटतो.

सांगलीच्या मुलाची गोष्ट मात्र जरा महागात पडली असती. त्याने आठवडाभर राबून एक प्रस्ताव तयार केला होता. व्हिडिओ मीटिंगमध्ये अमेरिकेतले साहेब म्हणाले, 'लेट्स टेबल धिस.' याने शाळेत आणि वर्तमानपत्रात वाचलेलं, की विधेयक सभागृहाच्या पटलावर ठेवतात, म्हणजे चर्चेला आणतात. हा खूश झाला आणि स्क्रीन शेअर करून बोलायला लागला. दोन मिनिटांनी सहकाऱ्याने निरोप पाठवला, की थांब, त्यांनी विषय पुढे ढकललाय. ब्रिटिश इंग्रजीत आणि आपल्याकडे 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ तूर्त बाजूला ठेवणं. हा गोंधळ नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांमध्ये याच एका शब्दावरून लांबलचक आणि कडवट वाद झाला आणि शेवटी कळलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, असं चर्चिल यांनी आपल्या युद्धग्रंथात नोंदवलंय. तेव्हा सांगलीच्या मुलाने मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. मी त्याला एक वाक्य दिलं, ते त्याने आता पक्कं केलंय: 'सॉरी, डू यू मीन नाऊ ऑर लेटर?' न कळलेलं विचारण्यात कमीपणा नाही, आणि विचारायला साधं वाक्यच लागतं.

खेळाचं म्हणाल तर इथे मराठी मुलाची बाजू अर्धी भक्कम, अर्धी लंगडी असते. इंग्लंडने आपले वाक्प्रचार क्रिकेटमधून घेतले. 'ऑन द बॅक फूट', 'हिट फॉर सिक्स' हे शिवाजी पार्कपासून मिरजेच्या मैदानापर्यंत कुणालाही समजावून सांगायला लागत नाहीत. अमेरिकेने बेसबॉलमधून घेतले. 'टच बेस' म्हणजे धावती भेट किंवा चार शब्दांचा संपर्क, 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा, 'कर्व्ह बॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. ज्याने तो खेळ पाहिलाच नाही त्याला हे कुठून उमगणार? कंपनी अमेरिकन असेल तर हे तीन आधी ऐकून ठेवावेत, रोज भेटतात.

आता म्हैसूरची म्हणून एक गोष्ट सांगते, जी महाराष्ट्राची सुद्धा आहे. आर. के. लक्ष्मण 1921 साली याच गावात जन्मले, इथल्या महाराजा कॉलेजात शिकले, मुंबईत नावारूपाला आले आणि 2015 साली पुण्यात गेले. त्यांचा 'कॉमन मॅन' आपण घरचाच मानतो. 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या त्यांच्या रोजच्या छोट्या चित्राचं नाव होतं 'यू सेड इट'. 1951 पासून मराठी घरांत ते पाहिलं गेलं. पण त्या नावाचा अर्थ काय, हे मी दहा मुलांना विचारते, तेव्हा नऊ जण सांगतात, 'तुम्ही हे म्हणालात.' शब्दशः बरोबर. पण 'यू सेड इट' हा वाक्प्रचार आहे. समोरच्याचं बोलणं मनोमन पटलं की तो म्हणतात: अगदी माझ्या मनातलं बोललात! त्यात जोर 'सेड'वर पडतो. जोर 'यू'वर टाकला की अर्थ फिरतो: हे तुम्ही म्हणालात हं, मी नाही. चित्रातला कॉमन मॅन कधी तोंड उघडत नाही. बोलतो दुसराच कुणीतरी, पुढारी, बायको, शिपाई, आणि हा चौकड्याच्या कोटात गप्प उभा. मला ते नाव त्या गप्प माणसाच्या मनातलंच वाटत आलंय. एवढ्या तीन शब्दांत किती बसलंय, हे मुलांना दाखवताना मला अजून तितकाच आनंद होतो.

लक्ष्मण यांचे थोरले बंधू आर. के. नारायण. यादवगिरीतल्या त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालंय, 2016 पासून ते लोकांना पाहायला खुलं आहे. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलाला मी पहिल्या महिन्यात तिथे घेऊन जाते. तिथे सांगायची गोष्ट एकच. हा माणूस कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला होता, आणि तोही इंग्रजीत. वडील मुख्याध्यापक. वर्षभर घरी बसून, वाचत, गावात भटकत त्याने काढलं. त्याचंच 'स्वामी अँड फ्रेंड्स' पुढे 1935 साली प्रसिद्ध झालं, 1958 साली 'द गाइड' आलं. त्याचं कुठलंही पान उघडा, वाक्यं बघा. आठवीतल्या मुलाला कळेल असं इंग्रजी. अलंकार नाहीत, वाक्प्रचारांची आरास नाही. नांदेडच्या एका मुलीने तिथेच उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि म्हणाली, 'मॅडम, एवढं सोपं चालतं?' चालतं, बाळ. जगभर चाललंय.

मला नेमकं म्हणायचं आहे ते हेच. आपल्या मुलांच्या डोक्यात कुणीतरी भरवून ठेवलंय, की चांगलं इंग्रजी म्हणजे वाक्प्रचारांनी मढवलेलं इंग्रजी. शाळेतल्या निबंधात 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' लिहिलं की एक मार्क जास्त मिळायचा. जोनाथन स्विफ्टने 1738 साली तो एका पुस्तकात वापरला, तो सुद्धा लोकांच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याचा नमुना म्हणून! आज इंग्रजी बोलणारा तरुण पाऊस कोसळताना सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतो. आपण तरी 'मुसळधार' बातमीत वाचतो आणि तोंडाने 'धो धो' म्हणतो. (गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसाने घसरून खाली पडायची, अशी या वाक्प्रचाराची एक गोष्ट मोबाइलवर फिरते. ती खोटी आहे, तिच्या नादी लागू नका.)

बोलताना वाक्प्रचार आला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. न कळल्याने मात्र अडतं, छत्री पुढे करावी लागते. म्हणून माझ्याकडचा क्रम ठरलेला आहे: आधी कान, मग मान, मग जीभ. म्हणजे पहिल्यांदा फक्त ओळखायचा. दुसऱ्या पायरीवर कुणी म्हटलं तर योग्य उत्तर द्यायचं. 'लेट्स कॉल इट अ डे' म्हटलं की आजचं काम आटोपलं असं समजून लॅपटॉप मिटायचा, 'विच डे?' म्हणून विचारायचं नाही. आणि एखादा वाक्प्रचार निदान चार-पाच वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला, त्याचा सूर कळला, की मगच आपण वापरायचा. तोही आधी बरोबरीच्यांत. बॉसला लिहायच्या अहवालात, तक्रारीत, माफीच्या पत्रात, दुःखाच्या प्रसंगी साधं वाक्य लिहावं. तिथे नटवलेलं बोलणं मराठीतही खटकतंच.

यातून मुलांनी आपली भाषा लपवायला शिकू नये, अशीही माझी इच्छा आहे. 'डोन्ट ईट माय हेड' म्हणून ऑफिसात हसं झालेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी शेजारच्या कानडी आजींना हाक मारली आणि विचारलं, नातू फार छळायला लागला की तुम्ही काय म्हणता? त्या म्हणाल्या, 'तले तिन्नबेड.' डोकं खाऊ नकोस! हुबेहूब तेच. चांगल्या बेतात कुणी बिब्बा घातला की कानडीत दुधात आंबट पिळतात, आपण मिठाचा खडा टाकतो आणि इंग्रज यंत्रात पाना टाकतो, 'थ्रो अ स्पॅनर इन द वर्क्स'. त्या मुलाचं वाक्य चुकीचं नव्हतं. ते मुंबई ते म्हैसूर सगळ्यांना समजतं, लंडनला समजणार नाही, एवढाच हिशेब. 'प्रीपोन' हा आपला शब्द तर ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसलाय. आणि इंग्रजांनी 'मंगूज' घेतला तो आपल्या मुंगसावरून.

देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही झाली आहे. 'हिमनगाचं टोक' मराठी अग्रलेखात किती सहज येतं, आणि लिहिणाऱ्याने हिमनग पाहिलेला नसतो. 'लाल फीत' सरकारी फायलींना बांधलेल्या फितीवरून इंग्रजीतून आली आणि आता तालुक्याच्या कचेरीत चपखल बसते. म्हणजे आपणही इंग्रजी वाक्प्रचार पचवले आहेत. पाठ करून नाही, वापरता वापरता.

याच गावात मानसगंगोत्रीच्या परिसरात केंद्र सरकारची, 1969 साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या आवारात. तिथे परप्रांतातले शिक्षक दहा महिने राहून मराठी शिकतात. त्यांनाही 'नाकी नऊ' आणि 'कानाला खडा' अशाच वाटेने शिकावं लागत असणार, मराठी माणसांत उठूनबसून. दुसरी वाट मला तरी ठाऊक नाही.

घरातल्या मोठ्यांना माझं एक सांगणं आहे. मुलगी इंग्रजीत कच्ची म्हणून हजार वाक्प्रचारांचं पुस्तक तिच्या हातात देऊ नका. रोज पंधरा मिनिटं तिला इंग्रजी बातम्या, मुलाखत, क्रिकेटचं समालोचन ऐकू द्या, आणि शेजारी एक वही ठेवा. वहीत तीनच रकाने: काय ऐकलं, कोण कुणाला म्हणालं, त्या वेळी काय चाललं होतं. अर्थाचा चौथा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही, तो मागच्या तिन्हींवरून मुलांनी ओळखायचा.

लातूरच्या मुलीच्या वहीत पहिल्या पानावर रेन चेक आहे. त्यापुढे तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, 'पाऊस होता, पण पावसाचा संबंध नव्हता.' वर्षभरात तिच्याकडे एक्केचाळीस नोंदी झाल्यात. त्यातले नऊ वाक्प्रचार ती आता स्वतः बोलते.